सहा नाही, सात

परवा दुपारी शेजारच्या अम्मांनी डब्यात विनारतेर्ताचा, म्हणजे थरांच्या केकचा, तुकडा आणून दिला. कॅनडात विनिपेगमध्ये इतकी वर्षं काढल्यावर तो पदार्थ मला नवा नाही, पण बाहेर उणे पंचवीस, हातात चहा, काम काही नाही, म्हणून मी उगाच थर मोजले आणि मूर्खासारखी बोलून गेले की अहो हे तर सहाच आहेत. अम्मांचा चेहरा असा काही झाला! परत मोज म्हणाल्या. सातवा खाली बटर पेपरला चिकटून बसला होता.

अम्मा म्हणजे आइसलँडिक हां. त्यांच्यात आजीला अम्माच म्हणतात आणि आजोबांना आफी. नातवंडांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सून तमिळ असणार.

तर पातळ बिस्किटासारखे थर, मधे आलुबुखाराचं वेलची घातलेलं सारण. नाव व्हिएन्नाचं, पदार्थ आइसलँडचा, आणि त्यावर जीव टाकणारे इथे मॅनिटोबात, कारण तिकडे त्याची फॅशन केव्हाच गेली. वर आयसिंग लावायचं की नाही यावर इथे घराघरात दोन तट. अम्मांचं मत, लावणाऱ्यांना सारण जमत नाही म्हणून लावतात.

आमच्याकडे हेच चिरोट्यांवरून व्हायचं. आई पिठीसाखरवाली, आत्या पाकवाली, आणि दिवाळीच्या आधीच्या दुपारी पोळपाटावर साटा लावता लावता दोघी एकमेकींकडे न बघता टोमणे मारायच्या. मी खाली बसून चिरोट्याचा एकेक पदर सोडवून खायची, आजी ओरडायची, अन्नाशी खेळू नकोस गं. अजूनही मी तसंच खाते. विनारतेर्ता पण. अम्मांसमोर नाही.

गंमत म्हणजे या बाई युनिटेरियन. येशू देव होता की माणूस हे ज्याचं त्याने ठरवावं असं मानणारं यांचं चर्च, विनिपेगच्या आइसलँडिक लोकांनी १८९१ मध्ये काढलेलं. त्याच्या आधीही यांची भांडणं कमी नव्हती. १८७५ च्या ऑक्टोबरात आइसलँडहून पहिली तुकडी लेक विनिपेगच्या काठी उतरली, त्याच वर्षी तिकडे आस्क्या ज्वालामुखी फुटून राखेने कुरणं गेली होती, त्यामुळे पुढच्या वर्षी आणखी हजारावर आले, आणि अंगावर धड गरम कपडे नसताना दोन पाद्र्यांच्या मागे दोन पार्ट्या करून मोकळे! एक पार्टी तर पुढे उठून अमेरिकेतल्या डाकोटात गेली. अम्मा हे सगळं काल घडल्यासारखं रंगवून सांगतात. तुम्ही स्वतः नक्की काय मानता असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, अजून ठरवतेय. वय वर्षं ८४. थरांचं मात्र ठरलेलं आहे.

मी पण मग भाव खाल्ला, म्हटलं आमच्या प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते तुमच्या युनिटेरियन लोकांच्याच स्कॉलरशिपवर. अम्मांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यांना तिथे खायला नीट मिळालं का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एका हिवाळ्याबद्दल मात्र त्या रंगवून बोलत नाहीत. १८७६-७७ चा, देवीच्या साथीचा. यांची शंभरेक माणसं गेली, बरीचशी लहान मुलं. आणि तळ्याकाठी सँडी बार नावाच्या जागी मूळ रहिवाशांची जी आधीपासूनची वस्ती होती, जिची जमीन सरकारने न विचारता या लोकांना देऊन टाकली होती, ती तर जवळजवळ संपलीच. मागच्या उन्हाळ्यात अम्मा मला तिकडे घेऊन गेल्या होत्या, रिव्हर्टनच्या बाजूला. तिथे त्या वस्तीतल्या बेट्सी रॅमझीची कबर आहे. साथीत ती गेली, तिच्या नवऱ्याने, जॉन रॅमझीने, तिच्यासाठी संगमरवरी दगड आणवला. भोवती कुंपण, बाकी नुसतं गवत आणि डास.

अम्मा तिथे बराच वेळ उभ्या होत्या. परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या, थर्मासमध्ये कॉफी आहे, घे.