मोगऱ्याचा लवकर बहार: नाशिकच्या अंगणातील माझा अनुभव

नाशिकमध्ये माघ लागला की सकाळचा गारठा कायम असतो, पण दुपारचे ऊन बदललेले असते आणि फुलझाडांना हा बदल माणसांच्या आधी जाणवतो. गंगापूर रस्त्यालगतच्या आमच्या अंगणात त्या सुमारास कुंद, फ्लॉक्स आणि पिटुनिया भरात असतात. सासूबाईंनी लावलेला बटमोगरा मात्र दरवर्षी कमरेएवढा, हिरवागार आणि चैत्र सरत आला तरी जवळजवळ बिनफुलांचा असे. वसंताच्या सुरुवातीलाच देवपूजेला घरचा मोगरा मिळावा, अशी त्यांची फार इच्छा होती, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी हे काम मनावर घेतले.

वाट दाखवली ती सटाण्याकडे डाळिंबाची बाग असलेल्या माझ्या चुलत दिरांनी. "वहिनी, खत नंतर घाला, आधी पाणी तोडा. ताण बसल्याशिवाय झाड बहार धरत नाही," असे त्यांनी सांगितले. आंबे बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डाळिंबवाले हेच करतात: पाणी बंद करून वाढ थांबवायची, पानगळ होऊ द्यायची, छाटणी करायची आणि मग खत-पाणी देऊन ताण तोडायचा. मोगऱ्यालाही ही रीत लागू पडते, कारण त्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. जुन्या काड्या नुसती पाने वाढवत राहतात.

ताण किती द्यायचा, हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. अंगणातल्या काळ्या मातीत ओल खोलवर टिकते, त्यामुळे जमिनीतल्या झाडाचे पाणी मार्गशीर्षात पूर्ण बंद केले तरी पाने पिवळी पडायला बराच अवधी गेला. कुंडीतल्या झाडांना मात्र तेवढा धीर नसतो. त्यांची पाने दुपारी मलूल होऊन संध्याकाळीही सावरली नाहीत, की तेवढा ताण पुरे समजून मी थोडे पाणी देत असे. पाने झडू लागल्यावर धारदार कात्रीने झाड जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटरवर छाटले, प्रत्येक काप डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या जागेच्या, किंचित वर तिरका घेतला आणि वाळक्या, एकमेकींत गुंतलेल्या काड्या बुडापासून काढून टाकल्या. उघडे पडलेले ते झाड पाहून सासूबाईंचा जीव कासावीस झाला आणि तो होणे स्वाभाविक होते. मग बुंध्याभोवतीची माती हलकेच मोकळी करून कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली व भरपूर पाणी दिले.

पौषात नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा फूट जागच्या जागी थबकते. अशा वेळी जादा पाणी देणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊन वाढताच मात्र प्रत्येक डोळ्यातून पोपटी धुमारे निघाले आणि त्यांच्या टोकांना मिऱ्याएवढ्या हिरव्या कळ्यांचे तीन-तीनचे झुपके दिसू लागले. त्यांतली मधली कळी आधी फुगते आणि आधी उमलते. काही कळ्या जांभळट होऊन सुकू लागल्या, तेव्हा एक फोडून पाहिली असता आत बारीक अळी निघाली. अशा सर्व कळ्या खुडून नष्ट केल्या आणि लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारणी केली.

पहिली ओंजळभर फुले फाल्गुनात देव्हाऱ्यात गेली आणि सासूबाईंनी त्यांतली दोन स्वतःच्या अंबाड्यात माळली. फुले काढून झालेल्या फांद्यांचे शेंडे मी लगेच खुडत गेले, कारण तिथूनच नवी फूट निघून पुढच्या कळ्या धरतात. कुंदाला मात्र हे वेळापत्रक लावू नये. तो ऐन थंडीत फुलतो, त्यामुळे त्याची छाटणी फुले संपल्यानंतरच करावी लागते.