इतिहासाची पदवी आणि माझा पंधरा वर्षांचा हप्ता

परवा भावाच्या मुलीने विचारलं, "आत्या, इतिहास घेऊ का? फी भरायला कर्ज काढावं लागेल." घरातले सगळे इतिहासावरच तुटून पडले. पुढे काय करणार, नोकरी कोण देणार. कर्जाबद्दल मात्र कुणी एक शब्द काढला नाही. मला काळजी वाटली ती त्या कर्जाचीच, कारण मी ते फेडलं आहे.

तिला मी माझा जुना खातेउतारा दाखवला. रक्कम झाकली आणि म्हटलं, मुद्दल शंभर होतं असं समज. व्याज १० टक्के. कर्ज देणाऱ्याने माझ्यापुढे दोन मुदती ठेवल्या होत्या, दहा वर्षं किंवा पंधरा. दहाची घेतली तर दर महिन्याला शंभरामागे १.३२ भरायचे, पंधराची घेतली तर १.०७. मी पंधरावर सही केली. हप्ता कमी दिसला, एवढंच पाहिलं. दहा वर्षांत एकूण १५९ भरावे लागले असते, पंधरा वर्षांत १९३. हा गुणाकार तेव्हा मी केलाच नाही. करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

सगळ्यात जास्त लागला तो पाचव्या वर्षाच्या शेवटी आलेला उतारा. तोवर मी साधारण ६४ भरले होते आणि बाकी दाखवत होते ८१. चूक असेल म्हणून फोन केला. चूक नव्हती. माझ्या पहिल्या हप्त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्याजात गेला होता, आणि पहिली साधारण आठ वर्षं हप्त्यातला निम्म्याहून जास्त भाग व्याजातच जात राहतो. मुद्दलाला हात लागतो तो फार उशिरा.

आता मिळकत. एम. ए. नंतरची माझी पहिली नोकरी जुन्या नोंदवह्या स्कॅन करून त्यांची सूची बनवण्याची होती. एक वर्षाचं कंत्राट. हातात येणाऱ्या पगारातला जवळजवळ एक तृतीयांश हप्त्यात जायचा. कंत्राट संपलं आणि पुढचं चार महिन्यांनी मिळालं. त्या चार महिन्यांत हप्ता काही थांबला नाही. दोन हप्ते भावाने भरले आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसांत मला बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातलं ४८ वं कलम सारखं आठवायचं. दुसऱ्या वर्षाला आम्ही ते शिकलो होतो. काळ इ.स.पू. १७५० च्या सुमाराचा. पुराने पीक नेलं किंवा पाण्याअभावी शेत पिकलंच नाही, तर कर्जदाराने त्या वर्षी धान्य द्यायचं नाही, कर्जाची मातीची पाटी पाण्यात भिजवायची आणि त्या वर्षाचं व्याजही द्यायचं नाही. परीक्षेत मी ते पाठ करून लिहिलं होतं. त्यात किती शहाणपण आहे हे कळलं ते बिनपगाराच्या तिसऱ्या महिन्यात. परतफेड कमाईला बांधलेली असावी ही कल्पना आजही जिवंत आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उच्च शिक्षणासाठी तशी व्यवस्था आणली. ठरावीक मर्यादेहून कमाई कमी असेल तर त्या वर्षी सक्तीची वसुली नाही, जास्त असेल तर करासोबत कापून घेतात. इतिहासासारख्या विषयाला हीच रीत मानवते, असं माझं ठाम मत आहे. कारण आमची कमाई येते, पण उशिरा येते. हप्ता मात्र लगेच सुरू होतो.

ती उशिरा कशी आली तेही सांगते. सातव्या वर्षी एका विमा कंपनीच्या अभिलेख विभागात मुलाखत झाली. समोर एकाच तारखेचे दोन जुने करार ठेवले आणि विचारलं, काय दिसतं? एकात समासात हाताने केलेली दुरुस्ती होती. तीच दुरुस्ती दुसऱ्यात मुख्य मजकुरात आलेली होती. म्हणजे तारीख तीच असली तरी दुसरी प्रत नंतर केलेली. हे मी एका मिनिटात सांगितलं, कारण दोन वर्षं आमच्याकडून दुसरं काही करूनच घेतलं नव्हतं: हा कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कशावरून उतरवला. नोकरी मिळाली. पगार जवळपास दुप्पट झाला आणि मी मुदतीआधी मुद्दल फेडायला लागले. पदवीने मला पोसलं, हे मी छातीठोकपणे सांगते. फक्त त्याला सात वर्षं लागली.

भाचीने कॉलेजचं माहितीपत्रक पुढे केलं. त्यात इतिहासाच्या पदवीधरांचा सरासरी पगार छापला होता. मी तिला चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खलदून याची गोष्ट सांगितली. इस्रायली लोकांचा नेता मोझेस याच्या सैन्यात सहा लाख माणसं होती असं अल्-मसूदी या त्याच्या आधीच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं होतं. १३७७ मध्ये इब्न खलदूनने विचारलं, एवढं सैन्य रणांगणावर मावणार कसं? एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार कसं? मोठा आकडा दिसला की आधी तो शक्य आहे का ते बघायचं. त्या सरासरीत नंतर कायदा शिकून वकील झालेले किती? ज्यांनी प्रश्नावली परत पाठवलीच नाही ते कुठे गेले? पगार पहिल्या वर्षाचा की पंधराव्या? दोघातिघांचा पगार फार मोठा असला की सरासरी वर चढते. म्हणून सगळे पगार ओळीने लावून मधला कोणता येतो ते विचारायचं.

मग आम्ही कागद घेतला. डावीकडे पहिल्या नोकरीचा अंदाजे पगार, तोही आशेने धरलेला नाही, कमीत कमी मिळेल तो. उजवीकडे हप्ता. हप्ता पगाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास बसेपर्यंत कर्ज खाली आणत गेलो. दहावा हिस्सा हा कुठला नियम नाही. माझे ते चार महिने आठवून मी धरलेली मर्यादा आहे. शिकत असतानाचं व्याजही धरलं, कारण शंभर पहिल्याच दिवशी उचलले आणि चार वर्षं काहीच भरलं नाही, तर १० टक्के चक्रवाढीने ते १४६ होतात. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तिला हवं असलेलं कॉलेज त्या आकड्यात बसत नाही. दुसरं बसतं, तेही शिष्यवृत्ती मिळाली तर. तिचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटलं. पण इतिहास सोड, असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. त्या दुसऱ्या कॉलेजच्या इतिहास विभागातून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार जणांना फोन कर, पहिली नोकरी किती महिन्यांनी मिळाली आणि हातात किती येत होते ते विचार, एवढं काम तिला दिलंय. रविवारी ती ते आकडे घेऊन येणार आहे. तो कागद मी टेबलावर तसाच ठेवलाय.