एचआरव्हीचे फिल्टर शेवटी भोसरीत करून घेतले (माझा अनुभव)

आमच्या ड्राय बाल्कनीच्या फॉल्स सीलिंगमध्ये एक पेटी आहे. तिच्यावरचा लाल दिवा मागच्या नोव्हेंबरात लुकलुकायला लागला आणि पुढचे चार महिने माझ्या डोक्यात फिल्टर सोडून दुसरा विषय नव्हता. हे मशीन असलेलं दुसरं घर मला तरी ओळखीत सापडलं नाही, विचारणार कोणाला, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी पेटी काय ते सांगते. एचआरव्ही म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन. आत दोन पंखे, एक बाथरूम-किचनकडची कोंदट हवा ओढून बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची ताजी हवा बेडरूम आणि हॉलमध्ये आणतो, मधे एक्स्चेंजर असतो त्यातून दोन्ही हवा एकमेकींना न शिवता शेजारून जातात आणि फक्त उष्णता इकडची तिकडे होते. मुळात थंड देशातलं प्रकरण. "पुण्यात कुठे बर्फ पडतो" हे मला सगळ्या नातेवाईकांनी ऐकवून झालंय. पण एप्रिलमध्ये एसी चालू असताना हेच उलटं काम करतं, बाहेर 38, घरात 26 आणि एक्स्चेंजर 75 टक्केवाला असेल तर आत येणारी हवा साधारण 29 ची होऊन येते. अर्थात आम्ही बसवलं ते तापमानासाठी नाहीच. बाणेरचा फ्लॅट 2021 ला रिनोव्हेट केला, हायवे जवळ, समोर दोन टॉवरचं काम चालू, सासऱ्यांना म्हणजे नानांना दमा, त्यामुळे खिडक्या कायम बंद. आणि बंद खोलीत एसी लावून झोपलं की सकाळी डोकं जड. मीटर आणून बघितलं तर पहाटे कार्बन डायऑक्साइड 1,900 पीपीएम, मोकळ्या हवेत तो 420 च्या आसपास असतो. मशीन लागल्यावर 800 च्या वर क्वचित गेला. तर एवढं सुख होतं, फक्त फिल्टर वेळेवर बदलायचे.

आमच्या मॉडेलमध्ये दोन फिल्टर आहेत. बाहेरून येणाऱ्या हवेला एफ7 म्हणजे बारीकवाला, घरातून जाणाऱ्या हवेला जी4 म्हणजे जाडा. दिवा लागला म्हणून स्टूलवर चढून झाकण काढलं तर एफ7 काळा ठिक्कर, हाताला काजळी लागली. जी4 वर नुसता कापसासारखा पिवळट थर, कपड्यांचे धागे आणि फोडणीचा चिकटा. तेव्हा मॅन्युअल नीट वाचल्यावर कळलं की तो दिवा धूळबीळ काही मोजत नाही, सहा महिन्यांचा टायमर आहे नुसता. म्हणजे फिल्टर दोन महिन्यांत भरला तरी चार महिने तो गप्पच बसणार. आमच्यासमोर सिमेंटचे मिक्सर रोज जातात, तिथे कसले सहा महिने.

डीलरला फोन केला तर त्याने ती लाईनच बंद केलेली. मागवून देतो म्हणाला, दोन फिल्टरचे 7,800 आणि आठ आठवडे.

मग मी शहाणपणा केला. टबमध्ये कोमट पाणी, लिक्विड सोप, एफ7 बुडवला, गच्चीत दोन दिवस वाळवला. इतका पांढरा निघाला की मी फोटो काढून जावेला पाठवला. आठवड्यात नानांचा खोकला सुरू. कणांच्या मीटरवर बघितलं तर बाहेर पीएम 2.5 (म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साधारण 90 आणि बेडरूममध्ये मशीनची हवा येते त्या जाळीशी 65, नवा फिल्टर असताना तिथे 30 च्या आत असायचा. (आपल्याकडची 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅमची आहे, डब्ल्यूएचओ 15 म्हणतं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं सफर रोज हवेचे आकडे देतं, ते मी आता पंचांगासारखं बघते.) कारण असं की या सिंथेटिक फिल्टरच्या तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो, बारीक कण बरेचसे त्यालाच चिकटतात, आणि साबणपाण्याने तो भार उतरतो. कापड स्वच्छ दिसतं पण पकड गेलेली. जाडा जी4 धुवा हवा तर, एफ7 धुवू नका.

दुसरा शहाणपणा ऑनलाइन. तिथे एकाच मापाच्या तुकड्यांवर कोणी एफ7 लिहितं, कोणी ईपीएम1, कोणी मर्व्ह 13. जी आणि एफ ही जुनी युरोपियन ईएन 779 मधली नावं, 2016 ला आयएसओ 16890 आलं त्यात पीएम1, पीएम 2.5, पीएम10 यातले किती टक्के कण अडतात त्यावरून नाव देतात, आणि मर्व्ह अमेरिकन. ढोबळमानाने एफ7, ईपीएम1 50 टक्के किंवा थोडा वर, आणि मर्व्ह 13 हे एकाच पंगतीतले. नव्या टेस्टमध्ये तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेने तो भार मुद्दाम उतरवून पण मोजतात, म्हणजे माझ्या टबातलं प्रकरण ते आधीच करून बघतात! हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी दमा आहे तर सगळ्यात भारी घेऊ म्हणून एच13 म्हणजे हेपा, जवळजवळ सगळे बारीक कण अडवणारा, तो मागवला.

बसवला आणि पेटी घोंघावायला लागली. हेपामधून हवा ढकलायला जो जोर लागतो तो या छोट्या पंख्याकडे नाहीच. जाळीला कागद धरला तर हलेना. वर दुसऱ्या दिवशी कॉमन बाथरूममधून गटाराचा वास, प्लंबरला बोलावलं, त्याने नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालचं भांडं, त्यातलं पाणी गटाराचा वास अडवतं) पाणी ओतलं, 200 रुपये घेतले, चार दिवसांनी परत तेच. मग ट्यूब पेटली. हवा आत येणं चोंदलं आणि बाहेर टाकणारा पंखा तसाच जोरात, म्हणजे घर हवा मिळेल तिथून ओढतंय, दाराच्या फटीतून आणि वाळलेल्या नहाणी ट्रॅपमधून सुद्धा. उदबत्ती मेन दाराच्या फटीशी धरली, धूर सरळ आत. नाना म्हणाले, "अगं, देवाला तरी लाव ती आधी."

शेवटी दिरांनी जर्मनीहून ओरिजिनल एक सेट कुरिअर केला. केवायसी, आधारची कॉपी, ड्युटी, तीन आठवडे, सगळं धरून डीलरच्या भावाच्या आसपासच गेलं. पण हातात नमुना आला, आणि तो घेऊन मी भोसरी एमआयडीसीत गेले. तिकडे पेंट बूथ आणि फार्मावाल्यांसाठी एअर फिल्टर करणारे बरेच छोटे कारखाने आहेत. पहिल्या दोघांनी "एवढंसं काम नाही करत मॅडम" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्याकडच्या काकांनी नमुना हातात घेतला, कॅलिपर लावला आणि पहिला प्रश्न, "साईज नॉमिनल सांगताय की अ‍ॅक्च्युअल?" तिथेच मला हा माणूस आवडला. मी 370 बाय 180 म्हणत होते, निघालं 368 बाय 178 बाय 46.

काका बोलतच होते, मी फोनवर टाइप करत होते. कापडाच्या घड्या किती आणि किती खोल त्यावर खरा पसारा ठरतो, म्हणून पातळ फिल्टरमध्ये भारी कापड घालून उपयोग नाही, हवा अडते. पुठ्ठ्याची फ्रेम नको, पावसाळ्यात मऊ पडते, जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची घ्या. हवेच्या बाणाची खूण हवी. आणि त्यांचं एक वाक्य मी घरी येऊन नानांना जसंच्या तसं सांगितलं, "मॅडम, हवा लबाड असते, कडेला दोन एमएम फट दिली तर ती कापडातून कशाला जाईल?" म्हणून चारी बाजूंनी फोमचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी.

पहिलं सॅम्पल गॅस्केटसकट जाड झालं, झाकण बसेना, मी जोर लावला तर फ्रेम वाकली. परत भोसरी, दापोडीला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. दुसऱ्या वेळी पातळ फोम लावला आणि ओढून काढायला पट्टी पण दिली, जी ओरिजिनलला नव्हती. कमीत कमी दहा नग घ्यायचे होते, 480 ला एक. जी4 चं कापड रोलमधून मीटरवर मिळालं, ते मी कात्रीने कापते, आणि तेच एफ7 च्या पुढेही एक थर लावते, त्याने महागडा फिल्टर जास्त टिकतो. त्या थराने पंख्यावर थोडा ताण येतोच, म्हणून थंडीत तो दर महिन्याला फेकायचा, कंटाळा करून चालत नाही.

महिन्याने काढून मागची बाजू बघितली. कडेला काळ्या रेघा असत्या तर हवा बाजूने पळतेय असं समजायचं. नव्हत्या. जाळीशी मीटर 28, बाहेर 84. उदबत्तीचा धूर दाराशी सरळ वर.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र आम्ही मशीन तीन-चार तास बंदच ठेवतो, त्या धुरापुढे एफ7 बिचारा काय करणार.

आता माळ्यावर सात फिल्टर आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, ओल लागू नये म्हणून. प्रत्येकाच्या फ्रेमवर बसवल्याची तारीख नाना स्केचपेनने लिहितात, आणि दिवा लुकलुकला तर मी आता फक्त रिसेटचं बटण दाबते.