कितवीत गेलास?

दुपारी जेवण अंगावर आलं, म्हणून आडवं पडून 'मिसिसिपी ग्राइंड' लावला. २०१५ चा सिनेमा. आयोवातल्या ड्युब्यूक गावचा जेरी, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. पत्त्यांच्या टेबलावर त्याला कर्टिस भेटतो, बोलघेवडा, हसरा. हा शेजारी असला की आपल्याला पानं लागतात, असं जेरीच्या डोक्यात बसतं आणि दोघं गाडीनं न्यू ऑर्लिन्सच्या वाटेला लागतात. वाटेत जुगार, मग आणखी जुगार. बेन मेंडेलसनचा जेरी जिंकतानाही भेदरलेला दिसतो.

माझी चिडचिड वेगळीच. पडद्यावर गाड्यांचे नंबर धड वाचता येत नव्हते. सिग्नलला पुढच्या रिक्षाचे आकडे बेरजेला घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. बसच्या तिकिटाचंही तेच.

ही खोड चाळीतल्या काकांची. ते गिरणीत होते आणि मटका लावायचे, म्हणजे आकड्यांचा जुगार. संपाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. तीन आकड्यांचा पाना: तीन, पाच, नऊ. बेरीज सतरा, शेवटचा आकडा सात, म्हणजे ओपन, पहिला निकाल, सात. बेरीज मी शाळेत कमी आणि त्यांच्याकडे जास्त शिकलो. एकेरी आकड्याला रुपयाचे नऊ. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर पैसे लावत. १९६१ साली ते भाव यायचे थांबले, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. पुढे पत्ते आले, तरी नाव मटकाच राहिलं. दिवसभर गिरणीत कापूस आणि संध्याकाळी पुन्हा त्याच कापसाचं हे भूत, असं आता वाटतं. तेव्हा मला फक्त लिमलेटची गोळी दिसायची.

पाळी संपवून येताना ते आमच्या पायरीशी थांबत. "बोल रे बाळा, एक आकडा." पोराच्या तोंडून देव बोलतो म्हणे. मी तोंडाला येईल तो सांगायचो. लागला की गोळी, नाही लागला तरी गोळी. एवढ्या मोठ्या माणसाला माझं मत लागतं, याचा केवढा रुबाब!

एका दुपारी काकू आल्या. आईशी काही बोलल्या नाहीत. माझ्यासमोर उकिडव्या बसून हळू म्हणाल्या, "यांना आकडा सांगू नकोस, राजा."

मी सांगितला नाही. पुन्हा कधीच नाही. काका मात्र थांबायचे. गोळी द्यायचे, केसांतून हात फिरवायचे.

"कितवीत गेलास रे?"

"चौथीत."

"चार," असं पुटपुटत जिना उतरून जायचे.