आमची वाटचाल : गालाले इचार

वडील सायकलवर धारेचं चाक बसवून दारव्हा, दिग्रसच्या बाजारात फिरायचे. इळे, पावश्या, कात्र्या यांवर घर चालायचं. वस्तरा मात्र त्यांनी चाकाला कधी लावला नाही. कोरड्या चाकावर पातळ पातं तापतं, त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. वस्तरे घरी यायचे आणि निसण्यावर हातानंच पाजवले जायचे.

पुढे एचआयव्हीची धास्ती गावोगाव पोचली आणि सलूनवाल्यांनी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा धरला. बरोबरच केलं त्यांनी. आमचं वस्तऱ्याचं काम मात्र आटलं. वडिलांच्या मागे मी कात्र्यांवर दुकान तगवलं. काही वर्षांनी कुरिअरनं पुण्या-मुंबईचे डबे येऊ लागले : आजोबांच्या पेटीतले जर्मनीतल्या सोलिंगेनचे, इंग्लंडातल्या शेफील्डचे वस्तरे, गंजलेले, पण पोलाद अस्सल. आज मी, बायको आणि पुतण्या तिघं मिळून हेच वस्तरे पाजवतो.

सुरुवातीला माझी परीक्षा एकच, केसाची. धुऊन वाळवलेला केस चिमटीत धरायचा, धारेवर नुसता टेकवायचा. न ओढता तुटला की वस्तरा तयार. एका गिऱ्हाइकाचे चार वस्तरे असे पास करून पाठवले. चारही परत आले. ‘पहिला हात लोण्यासारखा, दुसऱ्या गालाला ओरबाडतो,’ असं चिठ्ठीत. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या आळीत एक काका आहेत, उभा जन्म वस्तऱ्यावर गेलेला. त्यांनी पातं दिव्यासमोर तिरपं धरलं. म्हणाले, “केस तुटला म्हंजे झालं नाही बाबू. गालाले इचार.”

घासताना धारेच्या टोकाला पोलादाची अतिपातळ कोर उभी राहते. केस ती सहज तोडते, पण दाढीवर चार हात फिरले की वाकते, मोडते. ती काढायला शेवटचे हात अगदी हलके, दर खेपेला बाजू पालटून मारावे लागतात. शिवाय जाड केस लवकर तुटतो, मऊ केस दाद देत नाही. म्हणून आता बायकोच्याच डोक्याचे केस एका डबीत ठेवलेत. माप एकच राहतं.

खरं काम 1000 नंबरच्या दगडावर होतं. धारेला काळ्या मार्करची रेघ ओढतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून चार हात मारतो. वस्तऱ्याची पाठच कोन ठरवते. जिथं काळं उरलं, तिथं दगड पोचला नाही. ते पुरतं निघाल्याशिवाय 4000, 8000, 12000 च्या आणखी बारीक दगडांकडे जायचंच नाही. दगडही सपाट हवा : पेन्सिलीच्या रेघा मारून दुसऱ्या सपाट दगडावर सगळ्या पुसेपर्यंत घासतो. मग ओल्या अंगठ्याचं पेर धारेवरून आडवं, हलकं. धारेच्या लांबीला कधीच नाही! चांगली धार कातडीला चिकटते, कच्ची घसरते. पुतण्याला हे कळायला दोन वर्षं गेली. चामोट्यावर पाठ पुढे, धार मागे, आणि पलटायचं तेही पाठीवरूनच. नाहीतर चामडं चिरतं.

शेवटी गाल. वस्तरा स्पिरिटनं पुसून अर्धी दाढी मी करतो, अर्धी दुसऱ्या वस्तऱ्यानं, पुतण्याही तसंच. पुन्हा स्पिरिट, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात. दाढी वाढायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून आठवड्याला दहाच्या वर वस्तरे घेत नाही. घाई असेल त्याला फोनवरच तसं सांगून टाकतो.