पुढची भूक लांबवणारं आतड्यातलं रसायन

भूक कमी करणारं रसायन म्हटलं की माणूस दोन घास कमी खाईल, असंच आपण धरून चालतो. ओलिओइलइथेनॉलामाइड, म्हणजे ओईए, तसं वागत नाही. हवं तेव्हा खाण्याची मुभा असलेल्या उंदराला ते टोचलं, तर एका वेळचं खाणं जवळपास तेवढंच राहतं. पण तो खायला उशिरा सुरुवात करतो आणि दोन खाण्यांमधलं अंतर वाढतं. मला या संशोधनातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. पोट भरल्याची जाणीव आणि पुन्हा भूक लागणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि ओईए मुख्यतः दुसरीवर काम करतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले शास्त्रज्ञ दानिएले पिओमेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम 2001 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात मांडलं. उपाशी उंदरांच्या लहान आतड्यात ओईए कमी होतं, खायला दिल्यावर वाढतं. ते पोटाच्या पोकळीत टोचलं की खाणं घटतं, थेट मेंदूत सोडलं तर घटत नाही. कॅप्सेसिन हे मिरचीतलं तिखट द्रव्य देऊन संवेदी चेता, म्हणजे मेंदूकडे संवेदना नेणारे मज्जातंतू, निकामी केल्या, तर परिणाम नाहीसा होतो. म्हणजे काम आतड्याकडे सुरू होतं आणि निरोप चेतांमधून वर जातो. हा निरोप व्हेगस नर्व्हमधूनच, म्हणजे पोटातल्या अवयवांना मेंदूशी जोडणाऱ्या मोठ्या चेतेतूनच जातो, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पुढच्या काही प्रयोगांत मात्र व्हेगसच्या पोटाकडच्या संवेदी चेता तोडूनही परिणाम टिकला, त्यामुळे ही वाट अजून वादातच आहे.

2003 मध्ये ओईए ज्याला चिकटून काम करतं तो पेशीतला रिसेप्टर (निरोप घेणारं प्रथिन) सापडला: पीपार-अल्फा. तो नसलेल्या उंदरांवर ओईए चालत नाही. 2008 मध्ये कच्चा माल कुठून येतो तेही कळलं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात फॅट सोडलं की ओईए वाढतं. प्रथिनं किंवा साखर सोडली तर नाही. फॅट पचून सुटलेलं ओलिक आम्ल (ऑलिव्ह तेलात भरपूर असलेलं मेदाम्ल) हाच तो कच्चा माल; ते सीडी36 हे प्रथिन आतड्याच्या पेशीत घेतं. ते प्रथिन नसेल तर साखळी तिथेच तुटते. अजगरातही हेच दिसतं: बर्मी अजगराने भक्ष्य गिळल्यावर त्याच्या आतड्यातलं ओईए सुमारे 300 पटीने वाढतं.

मोजमापात एक मोठा धोका आहे. प्राणी मेल्यावर ऊतींमध्ये ओईएच्या जातीची मेदरसायनं आपोआप वाढू लागतात. म्हणून आतड्याचा तुकडा काढताच, धुण्यात वेळ न घालवता, गोठवावा लागतो. मग मेद वेगळं काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजतात, आणि नमुन्यात ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं, म्हणून वेगळं ओळखता येणारं) ओईए ठराविक प्रमाणात आधीच घातलेलं असतं, म्हणजे काढताना झालेली गळती हिशोबात धरता येते. दुसरा सापळा मळमळीचा. उंदराला अस्वस्थ वाटलं तरी तो खाणं सोडतो. म्हणून नवी चव आणि रसायन सोबत देऊन नंतर तो ती चव टाळतो का, हे तपासावंच लागतं. ही चाचणी नसलेला भुकेवरचा पेपर मी तरी गंभीरपणे घेत नाही.

ऑलिव्ह तेल प्यायलं की भूक आटोक्यात, हा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. ओलिक आम्ल हा फक्त कच्चा माल. किती ओईए बनेल ते आतड्याच्या पेशी ठरवतात, आणि एफएएएच नावाचं एन्झाइम ते मोडतही असतं. नुसतं ओलिक आम्ल टोचून तोच परिणाम मिळत नाही. त्यातून दीर्घकाळ फॅटने भरलेला आहार घेणाऱ्या उंदरांच्या आतड्यात ओईए उलट घटतं, असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं. बाहेरून ओईए दिल्यावर, आतड्यात फॅट पोहोचताच मेंदूत डोपामिन हे समाधानाशी जोडलेलं रसायन सुटण्याची जी क्रिया मंदावली होती, ती पुन्हा सुरू झाली. तोंडावाटे ओईए देण्यात अडचण अशी की आतड्यातच त्याचा बराच भाग मोडतो. त्यामुळे टोचून मिळालेल्या परिणामाचा डोस जसाच्या तसा कॅप्सूलला लावता येत नाही.