पाव मिलिमीटर

एका जुन्या दानलेखाच्या दगडाचे ढीगभर फोटो जुळवून मी संगणकावर त्याचं त्रिमिती मॉडेल केलंय. ते बघून सरांनी विचारलं ते अगदी साधं. "ही रेघ दगडावर आहे, की तुझ्या मॉडेलमध्ये?" रागाने नाही, चहात बिस्कीट बुडवता बुडवता. आणि लगेच जेवणाच्या डब्याचा विषय काढला. मी मात्र तिथेच अडकले ती अजून अडकलेलीच आहे.

रेघ म्हणजे 'त'च्या डावीकडची, उभी. असली तर ती पडिमात्रा, म्हणजे जुन्या लिपीत अक्षराच्या डावीकडे उभी काढायची मात्रा, आणि अक्षर 'ते'. नसली तर नुसता 'त'. नेमकं गावाच्या नावाचं पहिलंच अक्षर, त्यामुळे दान दिलं ते गाव खाडीच्या अलीकडचं की पलीकडचं हे तिच्यावर लटकलंय. कागदाच्या ठशात ती उमटलेली नाही. बोट फिरवलं की कधी लागते, कधी नाही. मनात असली की लागते असंही असेल. स्क्रीनवर उजेड डावीकडून टाकला की स्वच्छ दिसते आणि वरून टाकला की गुल. उभी रेघ वरच्या उजेडात सावली टाकणार कशी? हे सरांना कळत नाही का? तरी त्यांनी उजेड वरूनच ठेवला आणि मान हलवली.

मला नक्की काय लागलंय? रेघ नाकारली म्हणून नाही. 'तुझ्या' मॉडेलमध्ये म्हणाले, ते लागलंय बहुतेक. जणू मी ती घरी बसून कोरली.

त्या गधेगळीसमोर, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणाऱ्या त्या दगडासमोर, मी कशी पडून होते ते कुणी बघितलंय? वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली ती शिवी कोरलेली, आणि त्या शिवीच्या पातळीला माझं तोंड, कोपराखाली लाल मुंग्या. फोकस एकदा लावून टेपने चिकटवला. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ऐंशी टक्के चढलेला हवा. सायलीने छत्री धरून ऊन अडवायचं, कारण फोटो घेता घेता सावली सरकली तर जुळणारे बिंदू सापडत नाहीत. समोरून झालं की तिरके, मग कॅमेरा उभा करून पुन्हा सगळे. नुसते समोरून घेतले तर लेन्सचा बाक नीट सुटत नाही आणि सपाट दगडाला पोट सुटतं. त्यात गावातल्या आजी शनिवारी दगडाला तेल घालून गेलेल्या. तेलाची चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते. सॉफ्टवेअरला वाटतं तोही दगडाचाच भाग, आणि तिथे नसलेले खड्डे-उंचवटे उगवतात. आजींना सांगणार काय? "बाळा, देवाला कोरडं ठेवू नये," एवढं म्हणून त्या निघून गेल्या. 'त' तेलापासून लांब आहे, हे नशीब. दगडफुलाचा एक राखाडी पापुद्रा मात्र त्याच्या खांद्यावर बसलाय, आणि फोटोत जे वर दिसतं तेच मोजलं जातं. पापुद्र्याखालचा दगड कुणाला माहीत.

आज चिडून हिशोब मांडला. ५० मिमीची लेन्स, दगड ६० सेंमीवर, माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉन. म्हणजे दगडावर एक पिक्सेल ०.०५ मिमीच्या आतबाहेर. इथवर छाती फुगली. पण ही आडवी बारकाई. खोलीचं गणित वेगळं: शेजारच्या दोन फोटोंमधलं अंतर जेमतेम साडेपाच सेंमी, दगड त्याच्या जवळजवळ अकरापट लांब. बिंदू जुळवताना पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चूक धरली, तरी खोलीत ०.१५ ते ०.२ मिमीचा गोंधळ. एकमेकांपासून लांबून घेतलेल्या फोटोंच्या जोड्या घेतल्या की तो उतरतो, पण किती ते त्या जागेवर अवलंबून. माझी रेघ पाव मिलिमीटर खोल.

म्हणजे सरांचा प्रश्न रास्त होता. हे लिहिताना दात-ओठ खाल्लेत.

जर्मन वास्तुविशारद मायडेनबाउअर आठवला. १८५८ साली वेट्झलारच्या चर्चचं माप घेताना हा बाबा उंचावरून पडता पडता वाचला, आणि माणसाने लोंबकळण्यापेक्षा फोटोवरून मापं काढावीत असं त्याच्या मनात आलं. त्याला जिवाची भीती होती. मला चहाच्या टेबलावरच्या एका वाक्याची. हसू आलं ते खरं.

मग शांतपणे त्या जागेचे आडवे छेद काढले. 'त'चा स्वतःचा दंड रुंद आणि उथळ, दोन्ही काठ झिजून गोल झालेले. माझी रेघ अरुंद. एक काठ सारखाच गोल, दुसरा जरा तीव्र. कोयत्याला धार लावल्याची खूण दोन्हीकडून तीव्र असती असं मला वाटतं, पण शपथेवर नाही सांगणार. सायलीने वेगळ्या दिवशी घेतलेल्या फोटोंचं मॉडेल स्वतंत्र चालवलं. वरचा अर्धा भाग दोन्हीकडे आहे. खालचा फक्त माझ्याकडे. अर्धी पडिमात्रा! आता हिला काय म्हणायचं?

सरांना तसंच कळवलं, छेदांसकट. उत्तर आलं, "छान. कंसात टाक."

टाकली, वाचनात शंकेचं अक्षर कंसात देतात तशी. प्रश्नचिन्हही देऊ का विचारलं, तर नुसता अंगठा आला. तो होकाराचा की 'पुरे आता'चा, कळेना, मी दिलं.